स्फारी जीन
स्फारी जीन : स्वमग्नतेशी, म्हणजेच ऑटिझमशी, संबंध आढळलेल्या जनुकांची पुराव्यानुसार प्रतवारी लावणारा खुला डेटाबेस. न्यूयॉर्कच्या सायमन्स फाउंडेशनचा ऑटिझम संशोधन उपक्रम तो चालवतो. त्याचे मूळ ‘ऑटडीबी’ या संग्रहात आहे. शर्मिला बॅनर्जी-बसू व सहकाऱ्यांनी त्यावरील शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध केला.

जाणकार संपादक शोधनिबंध मुळातून वाचून नोंदी करतात : बदल कोणत्या जनुकात आहे, किती जणांत आढळला, आईवडिलांकडून आला की मुलात नव्याने उद्भवला. शेवटचा तपशील कळीचा असतो. उदाहरणार्थ, गुणसूत्र १४ वरील ‘सीएचडी८’ हे जनुक इतर अनेक जनुकांच्या कामाचे नियमन करते. ते निकामी करणारे नवे बदल एकमेकांशी नाते नसलेल्या मुलांमध्ये पुन्हा पुन्हा सापडले, आणि त्यांतल्या अनेकांचे डोके सरासरीपेक्षा मोठे होते. एवढा जुळता पुरावा योगायोगाने मिळत नाही. असे किमान तीन बदल नोंदले गेले की जनुक साधारणतः पहिल्या श्रेणीत जाते. दोन असल्यास दुसऱ्या, एकच असल्यास तिसऱ्या. पूर्वी सहा श्रेणी होत्या. दुबळ्या पुराव्याच्या खालच्या श्रेणी पुढे वगळल्या, हे योग्यच झाले. छोट्या अभ्यासांतून पुढे आलेली आणि नंतर पडताळ्यात न टिकलेली कितीतरी नावे एरवी यादीत तशीच राहिली असती.

नोंदलेल्या बदलांचा आकडा मोठा असला तरी एक प्रश्न उरतोच : ज्या मुलांत ते आढळले त्यांचे स्वमग्नतेचे निदान कितपत काटेकोर होते? २०२० मध्ये ३५,५८४ व्यक्तींच्या एक्झोमच्या, म्हणजे डीएनएतील प्रथिनांची माहिती असलेल्या भागाच्या, अभ्यासातून १०२ जनुके पुढे आली. पण त्यांतली बरीच बौद्धिक अक्षमतेतही आढळतात. ‘एससीएन२ए’ या जनुकाचे कार्य वाढले तर तान्ह्या बाळाला फिट्स येऊ शकतात, घटले तर स्वमग्नता वा बौद्धिक अक्षमता संभवते. म्हणून ‘ईगल’ ही गुणांकन पद्धत बदलाबरोबर निदानाचा दर्जाही तपासते. ते गुणही आता स्फारी जीनमध्ये दिले जातात.

यादीत जनुक असणे म्हणजे निदान नव्हे. स्वमग्नतेच्या आनुवंशिकतेचा मोठा वाटा अत्यल्प परिणामाच्या असंख्य सामान्य बदलांचा आहे आणि तो अशा यादीत मावत नाही. शिवाय आजवरचे बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या कुटुंबाच्या जनुकीय चाचणीच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा पडण्याची शक्यता अधिक असते. भारतीय कुटुंबांचे नमुने वाढल्याशिवाय ही उणीव भरून निघणार नाही.