कोयनेलचा निळा प्रकाश

हिवतापावरच्या कडू गोळीला आपली जुनी पिढी ‘कोयनेल’ म्हणे. ‘क्विनीन’चे हे देशी रूप. उमरगा तालुक्यातील मुरुम ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानातील सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. रोगाचा वाहक असा उशिरा कळला. औषध त्याआधीच ठाऊक होते. मात्र गिळलेल्या गोळीचा किती अंश रक्तात उरतो, हे नेमके सांगणे अवघड होते.

त्याचे उत्तर कोयनेलच्याच अंगी होते. १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांना क्विनीनच्या रंगहीन द्रावणावर निळी झाक दिसली. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी तिचा उलगडा केला: द्रावण अदृश्य अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश परत देते. या गुणाला मराठीत आपण ‘प्रतिदीप्ती’ म्हणतो.

१९४२ मध्ये जावा बेट जपानच्या ताब्यात गेले आणि दोस्त राष्ट्रांचा क्विनीनचा पुरवठा तुटला. पर्यायी ॲटाब्रिन सैनिकांना सोसेना. १९४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड ब्रोडी व सिडनी युडेनफ्रेंड यांनी रक्तद्रवातील या औषधांचे प्रमाण प्रतिदीप्तीवरून मोजण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. आरंभी मोठी आणि पुढे लहान मात्रा द्यावी, हे अशा मोजणीतून उमगले.

पण सारीच औषधे अशी उजळत नाहीत. अपस्मारावरील फेनिटॉइन रक्तद्रवात दर मिलिलिटरला साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम असावे लागते. कमी पडले तर झटका, वाढले तर विषबाधा. ज्या औषधाला स्वतःचा पुरेसा प्रकाश नाही, त्याला दिवा उसना द्यावा लागतो. २००४ मध्ये अमेरिकेत कार्बन-नलिका शुद्ध करताना अकस्मात हाती आलेले कार्बन-बिंदू हा असाच एक दिवा. त्यांचा आकार साधारण १० नॅनोमीटरहून कमी. औषधाचा रेणू जवळ आला की त्यांची दीप्ती मंदावते किंवा वाढते, आणि त्या फरकावरून औषधाचे प्रमाण काढता येते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात गोविंद कोळेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिदीप्त नॅनोकणांवर असेच संशोधन केले आहे.

रक्त मात्र शुद्ध पाणी नव्हे. त्यातील प्रथिने मोजणीत गोंधळ घालतात; म्हणून अशा अनेक पद्धती अजून औषध मुद्दाम मिसळलेल्या नमुन्यांपुरत्याच सिद्ध झालेल्या आहेत. मुरुमसारख्या गावातील रुग्णाच्या खाटेपर्यंत त्या पोहोचतील, तेव्हाच हा इतिहास पूर्ण होईल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. कार्बन-बिंदूंची दीप्तिक्षमता ठरवताना प्रयोगशाळेत तुलनेसाठी बहुधा क्विनीन सल्फेटचेच द्रावण घेतात. नव्या दिव्याचे माप आजही जुन्या कोयनेलनेच ठरते.