गेटवरचा साक्षीदार: आरएफआयडी टॅगची कुळकथा

1945 च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. सात वर्षं ती राजदूताच्या निवासस्थानी होती. 1952 मध्ये तिच्या पोटात लेव थेरेमिन यांनी घडवलेलं हेरगिरीचं उपकरण सापडलं. त्याला बॅटरी नव्हती, वायर नव्हती. बाहेरून रेडिओ लहरी सोडल्या की ते जागं व्हायचं आणि खोलीतलं बोलणं लहरींवरूनच बाहेर पोचवायचं. पिंपरी-चिंचवडच्या भोसरीतून चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या सुट्या भागांच्या बिनवर (पेटीवर) लावायचा आरएफआयडी टॅगही याच तत्त्वावर चालतो: तो वाचणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रीडरच्या, लहरींतून वीज घ्यायची आणि आपला क्रमांक परत पाठवायचा.

तत्त्व जुनं, पण टॅग महाग. त्यावर तोडगा 1999 मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या ऑटो-आयडी सेंटरनं काढला. केविन अॅश्टन, डेव्हिड ब्रॉक आणि भारतात वाढलेले संजय सरमा यांनी टॅगच्या चिपवर फक्त क्रमांक ठेवला. बाकी सगळी माहिती संगणकात. चिप लहान झाली, म्हणून स्वस्त झाली. माझ्या मते या कुळातली खरी हुशारी हीच.

भारतानं 2005 मध्ये 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. फास्टॅग याच पट्ट्यात चालतो. पिंपरी-चिंचवडसारख्या वाहन उद्योगाच्या गावात मात्र एक अडचण कायमची: लोखंड. धातूवर साधा टॅग चिकटवला तर तो नीट वाचलाच जात नाही. मध्ये अंतर राखणारा खास टॅग घ्यावा लागतो, आणि तो महाग पडतो.

तरीही सुटे भाग पुरवणाऱ्या लहान व्हेंडरनं हा खर्च टाळू नये असं मला मनापासून वाटतं. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार खरेदीदारानं लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, आणि मुदत मोजली जाते माल स्वीकारल्यापासून. माल नेमका कधी पोचला, हा वाद चलानच्या कागदावर रेंगाळतो. कारखान्याच्या गेटवरचा रीडर टॅग वाचताना तारीख आणि वेळ दोन्ही नोंदवतो. ही नोंद आज बहुधा मोठ्या कारखान्याच्याच संगणकात राहते. ती त्याच क्षणी व्हेंडरलाही मिळाली पाहिजे. पुढच्या पुरवठा करारावर सही करण्याआधी भोसरी-तळवड्याच्या उद्योजकांनी ही अट लिहून घ्यावी.