माटुंगा ते देहू : बायोगॅसच्या इतिहासातील एक दुर्लक्षित दुवा

मिथेन वायूच्या वापराचा इतिहास आपल्याकडे बहुधा गोठ्यापासून सांगितला जातो. नांदेड-लातूर परिसरात रूढ असलेला 'गोबर गॅस' हा शब्दही तेच सुचवितो. वस्तुतः त्याची एक आद्य नोंद मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयाची आहे. तेथे १८९७ मध्ये मानवी मैल्यापासून मिळविलेला वायू दिव्यांसाठी वापरण्यात आला. प्राणवायूविना जगणारे मिथेनजनक सूक्ष्मजीव शेण व मैला असा भेद करीत नाहीत. तो समाजाने केला. पुढे जशभाई पटेल यांचे 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र आणि १९६२ पासूनचा खादी आयोगाचा कार्यक्रम मुख्यतः शेणावरच उभा राहिला. मैल्याचा मार्ग देहू येथे डॉ. मापुसकर यांच्या 'मलप्रभा' संयंत्राने पुढे नेला. शौचालयच संयंत्राला जोडल्यामुळे मैला हाताने उचलण्याचे कारण उरले नाही.