वेशीबाहेरून आळीत



जाहिरातीत आजचा विषय वाचून, हा एखाद्या डॉक्टराने बोलावयाचा विषय आहे असे काहींना वाटले असेल. माझ्या मते तो इतिहासाचा विषय आहे. ज्यांची बुद्धी जन्मतः किंवा बालपणीच अडखळली अशी माणसे प्रत्येक काळी, प्रत्येक गावी होती. ती कुठे राहत, कोणाच्या आश्रयाने राहत आणि आईबापांनी डोळे मिटल्यावर त्यांचे काय होई, हे वैद्यकाने ठरवले नाही. समाजाने ठरवले, सरकारने ठरवले आणि काही ठिकाणी शेवटी न्यायालयाने ठरवले. अशा मुलाच्या आईजवळ दोन घटका बसा. तो शिकेल का, नीट बोलेल का, हे प्रश्न हळूहळू मागे पडतात आणि एकच उरतो : ‘आमच्यामागे याचे कोण?’ या प्रश्नाला अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने शंभर-सव्वाशे वर्षांत दोन उत्तरे दिली. पहिले उत्तर वेशीबाहेरच्या अवाढव्य इमारतींचे होते. दुसरे वस्तीतल्या लहानशा घराचे. पहिल्यावरून दुसऱ्यावर येताना काय काय घडले, ते आज सांगणार आहे.

प्रारंभ मात्र चांगल्या हेतूने झाला होता, हे विसरून चालणार नाही. बोस्टनचे डॉक्टर सॅम्युअल ग्रिडली हौ यांनी आंधळ्यांच्या शिक्षणात नाव कमावले होते. त्यांनी १८४८ साली मंदबुद्धी मुलांसाठी लहानशी शाळा काढली. मुलाला चार गोष्टी शिकवाव्यात आणि त्याच्या घरी परत पाठवावे, एवढीच त्यांची कल्पना होती. पुढे या शाळांचे काय होऊ घातले आहे याची चाहूलही त्यांनाच प्रथम लागली. १८६६ साली न्यूयॉर्क राज्यात बटेव्हिया येथे आंधळ्यांच्या संस्थेची कोनशिला बसवायची होती. त्या समारंभाला बोलावलेल्या या पाहुण्याने तेथेच सांगितले की, एकाच व्यंगाची माणसे एका छपराखाली गोळा करू नका. ती सामान्य माणसांत पसरलेलीच राहू द्या. कोनशिलेच्या समारंभात असे बोलणारा वक्ता विरळाच! श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. इमारती मात्र वाढतच गेल्या.

त्या वाढण्याची कारणे दोन. शाळा शिकून मूल मोठे होई, पण गिरणी-कारखान्यांच्या नव्या शहरांत त्याला घेणारे घर नसे. म्हणून ते शाळेतच राही आणि शाळेचा आश्रम होई. दुसरे कारण भीतीचे. बुद्धिमांद्य रक्तातून पसरते आणि गुन्हेगारी व दारिद्र्य त्यातूनच जन्मते, असा समज शिकलेल्या लोकांत पसरला. तो इतका बळावला की १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींवर सक्तीने संततिबंधनाची शस्त्रक्रिया करणे कायदेशीर ठरवले. प्रथम मुलाला जगापासून वाचवायचे म्हणून भिंत बांधली. पुढे जगाला त्याच्यापासून वाचवायचे म्हणून तीच भिंत उंच केली.

याच काळात, याच राज्यात, एका माणसाने अगदी निराळा मार्ग चालून दाखवला. रोम नावाच्या गावी अशीच एक सरकारी संस्था होती. तेथील अधीक्षक चार्ल्स बर्नस्टीन यांनी १९०६ साली जवळची शेतवाडी घेतली, संस्थेतील काही पुरुषांना एका जोडप्याच्या देखरेखीखाली तेथे राहावयास पाठवले आणि त्यांनी शेत करून दाखवले. १९१४ पासून गावातच घर घेऊन त्यात स्त्रियांना ठेवले. त्या इतरांच्या घरी कामाला जात आणि संध्याकाळी आपल्या घरी परत येत. यात सरकारचा पैसा वाचत होता आणि या माणसांना मजुरी फारशी मिळत नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तथापि ज्यांना जन्मभर कुलपात ठेवण्याचे ठरले होते ती माणसे आळीत राहू शकतात, याचा पुरावा न्यूयॉर्कच्या दप्तरी पडला होता. आणि त्याच राज्याने पुढे विलोब्रुक बांधले.

विलोब्रुक हे स्टेटन आयलंड बेटावरचे स्थान. महायुद्धात तेथे लष्कराचे रुग्णालय होते. १९४७ पासून ती मतिमंद मुलांची सरकारी शाळा झाली. सोय चार हजारांची. १९६० नंतरच्या दशकात भरती सहा हजारांच्या वर गेली. शाळा म्हणावयाचे, पण शिकणे थोड्यांच्याच वाट्याला येई. पन्नास-पन्नास जणांमागे एखादा सेवक. एका मुलाला भरवायला तीन मिनिटे. तीन मिनिटांत भरवणे म्हणजे काय, हे ज्या आयांनी हट्टी लेकराला वरणभात भरवला आहे त्यांना मी समजावून सांगायला नको. मुले उघडीवाघडी, फरशीवर, भिंतीशी डोके आपटत बसलेली असत. १९६५ साली सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी संस्था पाहिली आणि जाहीरपणे सांगितले की प्राणिसंग्रहालयातील पिंजरेसुद्धा याहून बरे असतात. वर्तमानपत्रांत दोन दिवस गवगवा झाला.

याच आवारात १९५६ पासून डॉक्टर सॉल क्रुगमन काविळीवर संशोधन करीत होते. नव्याने आलेल्या काही मुलांना मुद्दाम त्या रोगाची लागण करून ते तिचा अभ्यास करीत. त्यांचे म्हणणे असे की संस्थेत एवढी घाण आहे की मुलांना कावीळ होणारच. मग ती देखरेखीखाली झालेली काय वाईट? काविळीचे दोन प्रकार निराळे आहेत हे या कामातून स्पष्ट झाले, हे खरे. आईबापांच्या सह्या घेतल्या होत्या, हेही खरे. पण १९६४ साली जागा नाही म्हणून सर्वसाधारण प्रवेश थांबला, तेव्हा काविळीच्या विभागात मात्र जागा होती. दारात उभ्या असलेल्या, थकलेल्या आईने केलेल्या त्या सहीला संमती म्हणावे की नाही, यावर वैद्यकीय नीतीच्या वर्गांतून अजून वाद चालतो. मी तिला संमती म्हणणार नाही.

आपल्याला साहजिकच वाटेल, की आईबापांनी मुले तेथे ठेवलीच कशी? त्या काळी डॉक्टरच सांगत : याला संस्थेत द्या, विसरा आणि दुसरे मूल होऊ द्या. गावातली शाळा मुलाला घेत नसे. संस्थेत द्या किंवा एकट्याने सोसा, याखेरीज तिसरी वाट नव्हती. आणि इतिहासाचा न्याय असा की, ज्यांनी मुले आत पाठवली त्या आईबापांनीच अखेर संस्थेचे दार उघडले. १९७१ साली सरकारने खर्च कापला, नोकरभरती थांबवली. तेव्हा मायकेल विल्किन्स नावाचा तरुण डॉक्टर पालकांना एकत्र करू लागला. त्याला कामावरून काढले. पण एका इमारतीची किल्ली त्याच्या खिशात राहिली. जानेवारी १९७२ मध्ये त्याच किल्लीने हेराल्डो रिव्हेरा हा दूरचित्रवाणीचा बातमीदार कॅमेरा घेऊन आत शिरला. सिनेटरच्या शब्दांनी जे झाले नाही ते चित्रांनी केले, कारण लोक जेवणाच्या टेबलाशी बसून ती चित्रे पाहत होते.

त्या चित्रांत बर्नार्ड काराबेलो हा एकवीस वर्षांचा तरुण बोलताना दिसतो. त्याची बुद्धी शाबूत होती; त्याला मेंदूचा पक्षाघात होता, त्यामुळे बोलणे अस्पष्ट होई. तिसऱ्या वर्षी चुकीचे निदान झाले आणि तो अठरा वर्षे आत राहिला. बाहेर आल्यावर त्याने स्वतःसारख्यांच्या हक्कांसाठी आयुष्यभर काम केले.

मार्च १९७२ मध्ये पालकांनी दावा लावला. १९७३ साली न्यायाधीश ऑरिन जड यांनी उपचारांचा घटनात्मक हक्क मान्य केला नाही. पण सरकारच्या ताब्यात असलेल्या माणसाला इजेपासून संरक्षण मिळालेच पाहिजे, असे ठरवले. त्या बारीकशा फटीतून सगळे पुढचे आले. १९७५ साली दोन्ही पक्षांच्या संमतीने हुकूमनामा झाला : पाच हजारांवर माणसांच्या वतीने, १९८१ पर्यंत संस्थेत केवळ २५० खाटा उरतील असा. कोंडून ठेवणे बंद. आठवड्यातील कामाच्या प्रत्येक दिवशी सहा तास शिकणे किंवा उद्योग. आणि बाहेरची घरे लहान, सौम्य दोष असलेल्या प्रौढांसाठी फार तर पंधरा जणांची, इतरांसाठी फार तर दहा जणांची.

घर लहान का? याचे उत्तर स्कँडिनेव्हियातून आले होते. डेन्मार्कमध्ये नील्स एरिक बँक-मिकेल्सन यांच्या प्रयत्नाने १९५९ साली कायदा झाला. स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनी १९६९ साली त्यामागचा विचार मांडला. त्यात तत्त्वज्ञानाचा डामडौल नाही. चारचौघांच्या दिवसाला जशी लय असते तशी या माणसांच्या दिवसालाही असावी : सकाळी उठणे, आवरून कामाला बाहेर पडणे, संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे घरी येणे, आठवड्याला सुट्टी, वर्षाला सणवार. जेथे झोपायचे तेथेच जेवायचे, तेथेच शिकायचे आणि तेथेच मरायचे, ते घर नव्हे. हजार माणसांचा स्वयंपाक एका भटारखान्यात झाला की, आज काय करू, असे कोणी कोणाला विचारीत नाही. सहा जणांच्या घरात विचारावेच लागते.

आता या कथेतील सर्वांत अवघड टप्पा आला, आणि तो ना डॉक्टरांचा होता ना न्यायाधीशांचा. तो शेजाऱ्यांचा होता. घर शोधावे, भाडे ठरावे, चोवीस तास राहणारी माणसे नेमावीत आणि आळीत बातमी फुटावी! मग सभा, सह्या, शिष्टमंडळे. आमचा विरोध या लोकांना नाही हो, पण येथे रहदारी फार. आमचा विरोध नाही, पण घरांच्या किमती पडतील. किमतींच्या बाबतीत प्रिन्स्टनचे भूगोलज्ञ ज्युलियन वोल्पर्ट यांनी १९७८ साली न्यूयॉर्क राज्यातील अनेक वस्त्या तपासल्या; अशा घरांमुळे शेजारच्या किमती पडल्याचे त्यांना आढळले नाही. त्याच वर्षी राज्याने कायदा केला. त्याप्रमाणे स्थानिक नगरपालिकेला चाळीस दिवस मिळतात. तिने संमती द्यावी, दुसरी योग्य जागा सुचवावी, किंवा या भागात अशी घरे आधीच फार झाली आहेत असे दाखवावे. नुसते ‘नको’ हे कारण चालत नाही. अर्थात न चालणाऱ्या कारणालाही चालत्या कारणाचे कपडे घालता येतात, हे आपल्या नगरपालिका पाहिलेल्यांना सांगावयास नको.

याच सुमारास एक प्रकरण असे घडले की ते वाचून मन विषण्ण होते. विलोब्रुकमधून बाहेर आलेली काही मुले शहरातील सरकारी शाळांत जाऊ लागली होती. त्यांपैकी सुमारे पन्नास जणांच्या रक्तात काविळीचे विषाणू आढळले म्हणून शिक्षणमंडळाने १९७८ साली त्यांना वेगळे बसवण्याचे ठरवले. ज्या इमारतींत सरकारने त्यांना ठेवले, तेथेच त्यांना हा रोग जडला होता. आणि आता तोच त्यांना वर्गाबाहेर काढण्याचे कारण झाला. १९७९ साली वरिष्ठ न्यायालयाने मंडळाचे म्हणणे फेटाळले. इतर मुलांना धोका असल्याचा पुरेसा पुरावा मंडळाला देता आला नव्हता.

पुढची हकीकत थोडक्यात. १९८१ ची मुदत पाळली गेली नाही. १९८० साली विधिमंडळाने देखरेख समितीचा पैसाच तोडला. सरकारने पन्नास खाटांच्या घरांची परवानगी मागितली आणि १९८३ साली वरिष्ठ न्यायालयाने त्या बाबतीत सवलत दिली. दुसरीकडे १९८१ च्या केंद्रीय कायद्याने वैद्यकीय साहाय्याचा पैसा संस्थेबाहेर खर्च करण्याची वाट मोकळी केली, आणि घरांची संख्या वाढली ती बव्हंशी त्या पैशावर. १७ सप्टेंबर १९८७ रोजी गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी विलोब्रुक कायमचे बंद झाल्याचे जाहीर केले. १९९३ साली त्या आवारात महाविद्यालय आले.

परंतु इमारत गेली म्हणून वृत्ती जात नाही. २०११ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लेखमाला लिहून दाखवले की वस्तीतल्या लहान घरांतही मारहाण होते, आणि दोषी नोकराला काढण्याऐवजी दुसऱ्या घरी बदलले जाते. त्यानंतर २०१३ साली अशा तक्रारींसाठी राज्याने स्वतंत्र कचेरी उघडली. मला मूळ दुखणे निराळेच दिसते. या घरांतले काम करणाऱ्या माणसांचा पगार अगदी तुटपुंजा. अमेरिकेतील अलीकडच्या पाहण्यांत त्यांपैकी शेकडा चाळीसच्या आसपास माणसे वर्षाच्या आत नोकरी सोडतात. ज्याला बोलता येत नाही त्याची भूक, त्याचे पोटदुखणे, त्याचा रुसवा ओळखायला वर्ष लागते. वर्ष भरते तोवर ओळखणारा निघून गेलेला असतो. घर विकत घेता आले. त्यात टिकून राहणारे माणूस देण्यास मात्र त्या श्रीमंत राज्याचा हात आखडला.

आपल्याकडे विलोब्रुकएवढ्या संस्था या लोकांसाठी फारशा झाल्याच नाहीत; भार आईवर पडला. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे, आणि प्रौढांच्या सामूहिक निवासाची ‘घरौंदा’ ही योजना त्याच न्यासाची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. ज्या श्रोत्यांच्या घरी आरंभीचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईबापही आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. पालक नेमण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करावा लागतो, आणि तो आपण हयात असताना, हातीपायी धड असताना करता येतो.