सोडचिठ्ठी, घटस्फोट आणि प्रतिपक्षाचे मौन

विवाहविच्छेदाचा अर्ज न्यायालयात दाखल झाला, समन्स प्रतिपक्षाच्या दारी पोचले आणि प्रतिपक्षाने त्याची दखलच घेतली नाही, तर पुढे काय होते, या प्रश्नाला मराठी समाजात दोन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले असे की, कागदावर सही केली नाही तर घटस्फोट होऊच शकत नाही. दुसरे असे की, तारखेला कोणी हजर राहिले नाही म्हणजे घटस्फोट आपोआप मिळतो. ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी आहेत आणि आजच्या कायद्यापुरते बोलायचे तर दोन्ही चुकीची आहेत. तथापि त्यांना केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही. पहिले उत्तर एका काळी अक्षरशः खरे होते, आणि दुसऱ्यामागे असलेली कल्पनाही मराठीला परकी नाही. त्या दोन्हींच्या खुणा विवाहविच्छेदाच्या मराठी शब्दांतच शिल्लक आहेत.

या शब्दांत ‘सोडचिठ्ठी’ हा अर्थाने सर्वांत पारदर्शक. सोडल्याची चिठ्ठी, अर्थात सोडणारा एक, आणि जिला सोडले ती दुसरी. चिठ्ठी लिहून देणारा बहुधा नवरा असे आणि ती हाती पडल्यावाचून स्त्रीला पाट लावण्यास मोकळीक मिळत नसे. ‘फारखत’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. कर्ज फिटल्याची वा हक्क सोडल्याची लेखी पावती हा त्याचा मूळ अर्थ, आणि तोच विवाहसंबंधालाही लावला गेला. येथेही पावती देणाऱ्याच्या हातात सारे काही आहे. धनकोने फारखत लिहून दिली नाही तर ऋणको मोकळा होत नाही. ‘काडीमोड’ या शब्दात मात्र कागद नाही, कृती आहे. पंचांसमक्ष काडी मोडून संबंध तुटल्याचे जाहीर करावयाचे. लेखनाची जागा साक्षीने घेतली, एवढाच फरक. या तिन्ही शब्दांतील व्यवहाराला कर्त्याची इच्छा अवश्य आहे. कर्ता गप्प बसला तर चिठ्ठी नाही, फारखत नाही आणि काडीही मोडली जात नाही.

हा विचार केवळ लोकरूढीतला नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विवाहबंधनातून सुटण्याला ‘मोक्ष’ ही संज्ञा योजलेली आहे. नवऱ्याची इच्छा नसताना त्याचा द्वेष करणाऱ्या पत्नीला मोक्ष नाही, तद्वत पत्नीची इच्छा नसताना नवऱ्यालाही नाही. दोघांचा परस्परांविषयी द्वेष असेल तरच मोक्ष, असा तेथील नियम आहे. धर्म्य मानलेल्या विवाहप्रकारांत तर मोक्षच नाही, अशीही मर्यादा घातलेली आहे. या नियमातील समता लक्षणीय आहे. परंतु तिचा परिणाम असा की, दोहोंपैकी एकाची अनिच्छा दुसऱ्याला कायमचे बांधून ठेवू शकते.

‘घटस्फोट’ या शब्दाची कुळकथा याहून अगदी निराळी आहे. धर्मशास्त्रात हा शब्द विवाहाशी निगडित नव्हता. पतिताला बहिष्कृत करण्याच्या विधीशी होता. मनुस्मृतीत या विधीचे वर्णन आहे. पतित जिवंत असतानाच त्याचे सपिंड व बांधव गावाबाहेर जमतात, दासी पाण्याने भरलेला घट पायाने उलथून टाकते, आणि त्यानंतर त्याच्याशी संभाषण, सहवास, दायविभाग हे सर्व व्यवहार थांबतात. ज्याच्यासंबंधी हा विधी करावयाचा त्याच्या संमतीची येथे गरजच नाही; व्यवहारापुरता तो मृत धरला जातो. मात्र प्रायश्चित्त केल्यावर त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करून नवा घट पाण्यात सोडावयाचा आणि त्याला परत घ्यावयाचे, अशी तरतूदही त्याच ठिकाणी आहे. विसाव्या शतकात सुशिक्षित मराठीने न्यायालयीन विवाहविच्छेदासाठी नेमका हा शब्द स्वीकारला. निवड जाणीवपूर्वक झाली असो वा नसो, ‘सोडचिठ्ठी’ आणि ‘घटस्फोट’ या दोन शब्दांत प्रतिपक्षाच्या मौनाविषयीच्या दोन भिन्न कल्पना समोरासमोर उभ्या राहतात. एकीत मौन सर्व काही अडवून धरते, तर दुसरीत त्याची गणतीच होत नाही.

लोकरूढीत मौनाच्या अडवणुकीवर एक उतारा होता, तो म्हणजे जातपंचायत. एल्फिन्स्टनच्या प्रेरणेने आर्थर स्टील याने दख्खनच्या जातींतील रूढींचे संकलन केले. १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात पाट, सोडचिठ्ठी आणि जातीचा अधिकार यांविषयी विपुल नोंदी आहेत. नवरा चिठ्ठी देत नसेल तर जातीने मध्ये पडावे, ही अपेक्षा अनेक जातींत होती. इंग्रजी न्यायालयांनी हाच उतारा काढून घेतला. नवऱ्याच्या संमतीवाचून स्त्रीने त्याला सोडून दुसरा संबंध करावा, ही रूढी मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ साली अग्राह्य ठरविली. पुढे १८७६ साली ‘रेग विरुद्ध सांभू रघु’ या खटल्यात, विवाह रद्द करण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत, असा निर्णय झाला. जातीने परवानगी दिली होती म्हणून आपण प्रामाणिकपणे मोकळे झालो असे समजलो, हा बचावही टिकला नाही. भारतीय दंडसंहितेच्या ४९४ व्या कलमाखाली अशी स्त्री गुन्हेगार ठरू शकत होती. अशा रीतीने नवऱ्याच्या मौनाला पूर्वी कधीही नव्हते इतके बळ प्राप्त झाले. चिठ्ठी देण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिला. चिठ्ठीवाचून मोकळे करण्याचा अधिकार मात्र कोणाकडेच उरला नाही.

या कोंडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे दादाजी भिकाजी व रखमाबाई यांचा खटला. तो घटस्फोटाचा नव्हता, वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा होता. परंतु घटस्फोटाचा मार्ग नसल्यामुळेच तो तसा झाला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला, अपिलात तो पुन्हा सुनावणीसाठी पाठविण्यात आला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे जावे असा हुकूम दिला. तो मानण्यापेक्षा तुरुंगवास पत्करण्याची तयारी रखमाबाईंनी दर्शविली. अखेरीस १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. हुकूमनाम्याची अंमलबजावणी टळली, पण विवाह कायद्याच्या दृष्टीने विच्छिन्न झाला नाही. एकत्र आणण्याचे साधन न्यायालयापाशी होते. विभक्त करण्याचे नव्हते.

पारशी आणि ख्रिस्ती समाजांना हे साधन अनुक्रमे १८६५ व १८६९ च्या कायद्यांनी मिळाले होते. हिंदूंसाठी बडोदे संस्थानाने १९३१ साली कायदा केला, मुंबई प्रांताने १९४७ साली केला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने मुंबईचा कायदा रद्द करून देशभर एकच व्यवस्था आणली. या व्यवस्थेत विवाहविच्छेद करणारा कर्ता बदलला. नवरा नव्हे, जात नव्हे, तर न्यायालय. म्हणूनच प्रतिपक्षाच्या सहीचा प्रश्न संपला. त्याच्या जागी नवा प्रश्न आला: प्रतिपक्षाला कळले होते काय?

हा प्रश्न दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशाचा विषय आहे. समन्स शक्यतो प्रत्यक्ष व्यक्तीच्या हाती द्यावे; ती घरी नसल्यास कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे द्यावे; घेण्यास नकार मिळाल्यास बेलिफाने प्रत दाराला चिकटवावी; आणि व्यक्ती बजावणी टाळत आहे असे मानण्यास कारण असेल तर न्यायालयाच्या आज्ञेने न्यायालयात व शेवटच्या ज्ञात घरी प्रत लावून किंवा वृत्तपत्रात जाहीर समन्स देऊन बजावणी करावी. या क्रमात एक लहानशी पण बोलकी दुरुस्ती आहे. १९०८ च्या संहितेत कुटुंबातील प्रौढ ‘पुरुषा’कडेच समन्स देता येत असे, १९७६ च्या दुरुस्तीने तेथे स्त्री वा पुरुष असा पालट केला. म्हणजे अडुसष्ट वर्षे घरातील स्त्रीच्या हाती पडलेला कागद घराला पोचला असे कायदा मानीत नव्हता.

बजावणी यथायोग्य झाली आणि तरीही प्रतिपक्ष आला नाही, तर नवव्या आदेशानुसार काम एकतर्फी चालविता येते. येथे पहिली लोकसमजूत कोसळते: समन्स न स्वीकारल्याने किंवा सही न केल्याने खटला थांबत नाही. परंतु दुसरीही टिकत नाही. पैशाच्या साध्या दाव्यात प्रतिवादीने कैफियत दिली नाही तर दाव्यातील मजकुराच्या आधारे निकाल देण्याची मुभा न्यायालयाला आहे. वैवाहिक अर्जाचे तसे नाही. अर्जाला विरोध झालेला असो वा नसो, कारण सिद्ध झाले आहे, अर्जदार स्वतःच्या अपराधाचा लाभ घेत नाही, संगनमत नाही आणि अवास्तव विलंब नाही, याविषयी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे, असे हिंदू विवाह अधिनियमाचे २३ वे कलम सांगते. अर्जदाराला पुरावा द्यावाच लागतो. मात्र त्या पुराव्याची उलटतपासणी करणारे कोणी नसते, आणि पोटगी वा मुलांचा ताबा यांविषयी दुसरी बाजू ऐकू येत नाही. सही न केल्याने आपला संसार सुरक्षित राहील या समजुतीने जी स्त्री समन्स दूर सारते, तिला संरक्षण तर मिळत नाहीच. उलट स्वतःची बाजू मांडण्याची संधीही ती गमावते.

धर्मशास्त्राने पतिताला जसे परतीचे दार ठेवले तसे संहितेनेही अनुपस्थितासाठी ठेवले आहे. समन्स यथायोग्य बजावले गेले नव्हते किंवा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते, असे दाखविल्यास नवव्या आदेशाच्या १३ व्या नियमाखाली एकतर्फी हुकूमनामा रद्द होतो. त्यासाठी हुकूमनाम्यापासून तीस दिवसांची मुदत आहे. बजावणीच झाली नसल्यास ती हुकूमनामा कळल्यापासून मोजली जाते. सुनावणीची तारीख वेळेवर ठाऊक होती असे दिसले, तर मात्र बजावणीतील किरकोळ दोषाचा आधार घेता येत नाही. चुकीचा पत्ता देऊन मिळविलेला हुकूमनामा म्हणूनच ठिसूळ असतो. त्याच्या भरवशावर दुसरे लग्न झालेले असेल, तर हुकूमनामा रद्द होताच त्या लग्नाचाही प्रश्न उभा राहतो. अपिलाची मुदत संपेपर्यंत पुनर्विवाह करू नये, या १५ व्या कलमातील नियमाचे मर्म यावरून ध्यानात येते. २००३ च्या दुरुस्तीने अधिनियमातील ही मुदत नव्वद दिवसांची झाली.

एका ठिकाणी मात्र कौटिल्याचा नियम अजूनही जिवंत आहे. १९७६ साली परस्परसंमतीने विवाहविच्छेदाचे १३-ब हे कलम आले. ही संमती हुकूमनामा होईपर्यंत कायम असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केले. दोघांनी अर्ज केला आणि पुढच्या टप्प्याला एकाने पाठ फिरविली, तर ते मौन संमती म्हणून गृहीत धरता येत नाही. त्या मार्गाने जाणारा अर्ज तेथेच अडतो, आणि दुसऱ्याला कारण सिद्ध करण्याचा स्वतंत्र मार्ग धरावा लागतो. सोडचिठ्ठीही लोपलेली नाही. रूढीने मिळणाऱ्या विच्छेदाला १९५५ च्या अधिनियमाचे २९ वे कलम संरक्षण देते. परंतु ती रूढी सांगणाऱ्याने ती सिद्ध केली पाहिजे, याचा पुनरुच्चार सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली केला.

मौन हे संमतीचे लक्षण, असे मराठीत सहज म्हटले जाते. विवाहविच्छेदाच्या कायद्याने ते मानले नाही. मौन हे नकाराचे लक्षण, हेही मानले नाही. सोडचिठ्ठीच्या काळी एकाचे मौन दुसऱ्याचे आयुष्य अडवू शकत होते, तर घट फोडण्याच्या विधीत अनुपस्थिताला स्थानच नव्हते. आजची व्यवस्था या दोहोंच्या मधली वाट धरते. गप्प राहणाऱ्याला दुसऱ्याची सुटका रोखता येत नाही, आणि तो गप्प राहिला म्हणून दुसऱ्याला ती फुकटही मिळत नाही. कायद्याने ही वाट आखून कित्येक दशके लोटली. पण बोलीत सोडचिठ्ठी अजून दिली जाते आणि घटस्फोट अजून घेतला जातो. व्यवस्था बदलते त्या वेगाने क्रियापदे बदलत नाहीत, आणि मधल्या अंतरात समन्स दाराला चिकटलेले राहते.