शेपटी थांबते त्या तासापर्यंत

स्थळ : झेब्राफिशच्या पिल्लाचं आतडं, ओरेगन विद्यापीठाच्या सूक्ष्मदर्शकाखाली. संकट माशावर येणार नाही, जंतूंवर येणार आहे.

१४४ तास आधी. अंडं फलित झालं. ते जंतुविरहित पाण्यात वाढवतात. मासा मूळचा गंगेच्या खोऱ्यातला, भातखाचरांतही सापडणारा.

१२० तास आधी. हृदय धडधडू लागतं. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, याच सुमारास फिरू लागतात. पिल्लू पारदर्शक असल्याने हे सगळं बाहेरून दिसतं.

७२ तास आधी. पिल्लू अंड्याबाहेर.

२४ तास आधी. पाण्यात व्हिब्रिओ सोडतात. हा पटकीच्या जंतूचा नातलग, पण झेब्राफिशच्या आतड्यात एरवीही राहणारा. तोंडावाटे तो आत शिरतो.

मधले तास. खरी गंमत इथे आहे. आतडं आकुंचन पावतं आणि जे सापडेल ते मागे ढकलतं. इतर अनेक जंतू गोळे करून त्या प्रवाहात वाहतात. व्हिब्रिओ मात्र कशाभिका, म्हणजे आपली शेपटी, गरगर फिरवत प्रवाहाविरुद्ध पोहतो आणि आतड्याच्या पुढच्या भागात, अस्तराला लगटून, झुंडीने टिकतो. पोहण्यामुळे तो अधिक वेगाने वाढत नाही. फक्त बाहेर फेकला जात नाही. याची किंमत मासा मोजतो : आतड्याभोवतीचे मॅक्रोफेज आणि यकृत टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारं प्रथिन बनवू लागतात. त्या प्रथिनाच्या जनुकाला हिरव्या चकाकीची खूण जोडलेली असल्याने दाह डोळ्यांना दिसतो.

शून्य तास. पाण्यात एक रसायन पडतं. या व्हिब्रिओंच्या जनुकांत आधीच बसवलेली कळ दाबली जाते. कशाभिका जागेवरच राहते, तिची मोटर बंद पडते.

त्यानंतर. झुंड विस्कटते. जंतू एकमेकांना चिकटतात, आतड्याच्या पोकळीत अडकतात, मागे सरकतात आणि बाहेर पडतात. मॅक्रोफेजांची हिरवी चकाकीही ओसरते. म्हणजे मॅक्रोफेजांना चिथावणी मिळते ती जंतूच्या नुसत्या असण्यापेक्षा त्याच्या पोहण्यातून, असं मला तरी यावरून वाटतं.

हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झालं. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की सिप्रोफ्लोक्सासिन या प्रतिजैविकाची जंतू मारायला अपुरी असलेली मात्राही व्हिब्रिओंचं पोहणं मंद करते, त्यांचे गोळे करते आणि उरलेलं काम आतड्यावर सोडते.