वेटोळ्याची वंशावळ

तेराव्या शतकात इटलीतील बोलोन्याचा वैद्य ताद्देओ आल्देरोत्ती याने मद्यार्क गाळण्याच्या यंत्रातील नागमोडी नळीचे वर्णन लिहून ठेवले. वाफेला थंड पाण्यातून लांबलचक वाट चालायला लावायची, पण जागा मात्र एका पिंपाएवढीच व्यापायची, ही त्यामागची युक्ती. पुढे गाळपाच्या भट्ट्यांतून ती शतकानुशतके टिकून राहिली.

विजेच्या वेटोळ्याचा जन्म पाहायचा तर आपल्याला थेट १८२० सालात यावे लागते. त्या वर्षी कोपनहेगनमध्ये अर्स्टेड यांना प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळताना दिसली, आणि काही महिन्यांतच जर्मनीतील हाले येथे श्वाइगर यांनी सुईभोवती तारेचे अनेक वेढे देऊन तो परिणाम वाढवला. एक वेढा जे करतो तेच दुसरा करतो आणि त्यांची बेरीज होते, ही गोष्ट किती साधी, तरी पुढचे सारे तिच्यावर उभे आहे! जोडे शिवण्याचा धंदा केलेला इंग्रज माजी सैनिक विल्यम स्टर्जन याने १८२५ मध्ये नालाच्या आकाराच्या लोखंडावर तार गुंडाळून सुमारे २०० ग्रॅमच्या तुकड्याकडून ४ किलो वजन उचलून दाखवले. त्याची तार उघडी होती, म्हणून वेढे एकमेकांपासून दूर ठेवावे लागत. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी तारेलाच रेशमाचे वेष्टन दिले, वेढे चिकटून, थरावर थर बसू लागले आणि १८३१ पर्यंत त्यांचा चुंबक ९०० किलोंहून अधिक भार पेलू लागला. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण म्हणजे ते रेशीम.

त्याच १८३१ साली लंडनमध्ये नळीच्या आणि तारेच्या, वेटोळ्याच्या दोन्ही शाखांनी एकदम झेप घेतली. २९ ऑगस्टला फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. एकातला प्रवाह सुरू वा बंद होताच दुसऱ्यात क्षणिक प्रवाह उमटला. त्याच वर्षी एंजियर पर्किन्स यांनी भट्टीत नळीचे वेटोळे ठेवून, दाबाखालच्या गरम पाण्याने घरे तापवण्याचे पेटंट घेतले. तीन वर्षांनी त्यांचे वडील जेकब पर्किन्स यांनी ईथरची वाफ दाबून, पुन्हा द्रव करून थंडावा मिळवण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. मुलगा उबेच्या मागे, तर बाप गारव्याच्या! जेकब यांच्या यंत्राला गिऱ्हाईक लाभले नाही, पण आपल्या फ्रिजमधले चक्र तेच आहे.

फॅरेडेंच्या कड्यातून पुढे ट्रान्सफॉर्मर आला. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी यांनी त्याला बंद गाभ्याचे व्यवहार्य रूप दिले. विजेचा दाब वाढवून ती दूर नेणे शक्य झाले, म्हणून १९१५ मध्ये खोपोलीची जलवीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचू शकली.

विजेने तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची अडचण मात्र बराच काळ सुटत नव्हती. लोखंड लाल होताच गंजून तुटे, प्लॅटिनम परवडत नसे. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श यांनी निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. तापल्यावर तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच आतल्या धातूला वाचवतो. या नायक्रोमच्या तारेमुळे शेगडी, इस्त्री, गीझर घरोघरी गेले.

आज इंडक्शन शेगडीच्या काचेखालचे तांब्याचे वेटोळे स्वतः लाल होत नाही. सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह त्यातून वाहतो, वर ठेवलेल्या पातेल्याच्या लोखंडी बुडात प्रवाह उमटतो आणि दूध तापते. फॅरेडेंच्या कड्यावरच्या दुसऱ्या वेटोळ्याची जागा इथे पातेल्याने घेतली आहे.